आधी बोल, मग ओत

या घराण्यातून गोष्ट पुढच्या दाराने करडू होऊन बाहेर पडते आणि मागच्या दाराने बोकड होऊन परत येते. शिंगं वाटेत फुटतात. कुणी फोडली हे विचारायची पद्धत नाही.

बारकीचंही तसंच झालं. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जायचं तर आधी जनावरांत राबलेलं दाखवावं लागतं, म्हणून ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जायला लागली. पहिल्या दिवशी बाईंनी तिच्या एका हातात झाडू दिला, दुसऱ्या हातात बादली दिली आणि पिंजऱ्यांची रांग दाखवली. रात्री जेवताना बापाने विचारलं, "मग, काय केलंस आज?" बारकीच्या मनगटावर मांजरीचा ओरखडा होता. ती म्हणाली, "एका मांजरीला टाके घालायचे होते. तिथं होते मी."

होती खरी. दाराबाहेर, फरशी पुसत.

बाप घड्याळजी. दिवसभर दुकानात बसून दुसऱ्यांची घड्याळं उघडायची आणि त्याबरोबर आपलं तोंड, हा त्याचा धंदा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांजरीला टाके बारकीनेच घातले होते. दुकान बंद होईस्तोवर मांजरीचा कुत्रा झाला होता, आणि तोही एका न्यायाधीशाचा. बारकीने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला एकदा उशीर झाला की मग तो रोजच होत जातो.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण कॉलेजवाल्यांनी नवीनच काढलं: नुसती कुत्री-मांजरं चालणार नाहीत, गोठ्यातल्या जनावरांतही काम केलेलं पाहिजे. आणि सगळ्या गणगोतात गोठा होता एकीकडेच. घड्याळजीच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे बारकीच्या आत्याकडे, गावाच्या पार टोकाला.

याच बहिणीला घड्याळजी एकदा भर पंगतीत म्हणाला होता, "ताई, तुझ्या घरात पाऊल टाकलं की शेळीच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं." लोक हसले होते. ती हसली नव्हती. तेव्हापासून तिच्या शेळ्यांचं दूध सगळ्या गावाला जात होतं, भावाच्या घरी सोडून.

तर त्या रविवारी अडला हरी निघाला. काखेत भिंतीवरचं घड्याळ, स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं, बहिणीला भेट म्हणून. मागे बायको, बारकी, म्हातारे आजोबा आणि धाकटा भाऊ. धाकट्याला सगळे मास्तर म्हणत. तो शाळेत शिकवायचा आणि शाळा सुटल्यावरही थांबायचा नाही.

"वासाबद्दल एक शब्द बोलायचा नाही," घड्याळजीने वाटेत सगळ्यांना बजावलं.

"आम्ही कधी बोललो होतो?" मास्तर म्हणाला.

*

आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि लक्ष मागच्या अंगणात होतं.

"या," ती म्हणाली. "बसा. राणीसाहेब सकाळपासून कळा देतायत, पण काही पुढं सरकत नाही. मी बाईंना फोन लावतेय."

राणीसाहेब म्हणजे तिची सर्वांत जुनी शेळी. पांढरी, एका कानावर काळा ठिपका, आणि चाल अशी की बाकीच्या शेळ्या आपसूक बाजूला व्हायच्या. नवरा गेल्यावर आत्याने पहिली हीच आणली होती. गोठा भरला तो हिच्यापासून. आत्या घरात माणसांशी जितकं बोलायची त्याहून जास्त हिच्याशी बोलायची, आणि उत्तरंही तिकडूनच बरी यायची, असं तिचं म्हणणं.

तिने फोन उचलला. बाजूला घड्याळजी उभा. त्याला वाटलं, हीच वेळ. बहिणीला काहीतरी द्यायचं होतं, आणि ते काखेतलं घड्याळ भलतंच हलकं वाटायला लागलं होतं.

"अगं ताई, फोन कशाला? घरची डॉक्टर आणलीय की! न्यायाधीशाच्या कुत्र्याचं पोट हिने शिवलं. बाई नुसत्या बाजूला उभ्या होत्या."

आत्याने बारकीकडे बघितलं. बारकीने भिंतीकडे.

"येतं तुला?" आत्याने विचारलं.

आता इथं आत्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण पुढे तिला त्याचीच लाज वाटली. तिचा त्या कुत्र्यावर काडीचा विश्वास बसला नव्हता. बाप तसा, आजा तसा, हे घराणं तिचंही होतं. पण भाऊ इतक्या वर्षांनी दारात आला होता आणि पहिल्याच वाक्याला त्याचं तोंड पाडायचं तिच्या जिवावर आलं. फोन करणं म्हणजे सगळ्यांसमोर "तू थापा मारतोस" म्हणणं.

"हो की," बारकीऐवजी घड्याळजीच म्हणाला. "रक्तातच आहे."

आत्याने फोन खाली ठेवला.

*

गोठा स्वच्छ होता. शहाण्याने बघून घ्यावं इतका. राणीसाहेब कोपऱ्यात पेंढ्यावर आडव्या झाल्या होत्या, मान ताणलेली, ओठ मागे खेचलेले. कळ आली की सगळं अंग दगडासारखं व्हायचं आणि मग हळूहळू मऊ पडायचं. दोन इवले खूर बाहेर डोकावत होते, तेवढेच. पुढे काही नाही.

आत्याने गरम पाणी, साबण, स्वच्छ फडकं आणून ठेवलं. दारात घड्याळजी, त्याच्या खांद्यावरून मास्तर, मास्तरच्या काखेखालून आजोबा. नाटकाला जागा धरावी तसे.

"लहान अंगाची पोरगी आहे," आजोबा म्हणाले, "हात बारीक. माझ्या बापाचा तर पंजा असा होता, तरी त्याने घोडीच्या..."

"नाना, घोडी नंतर," आत्या म्हणाली.

बारकी गुडघ्यावर बसली. तिने बाईंना करताना बघितलं होतं तसे हात कोपरापर्यंत धुतले. धुणं तिला येत होतं. धुण्यात तिला कुणी मागे टाकलं नसतं. तिने जितका वेळ लावता येईल तितका लावला.

मग ती वाकली आणि तिला वास आला.

गोठ्याचा नाही, शेळीचा नाही. गोडसर, जड, फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखा. शेपटीखालचं पेंढ्यावर सांडलेलं पाणी काळपट होतं.

हा वास तिच्या ओळखीचा होता. दवाखान्यात एक कुत्री आली होती, पिल्लं आतच गेलेली. टेबलाखालची बादली घेऊन बारकी मोरीकडे निघाली, तर बाई तिच्यावर खेकसल्या होत्या: "थांब! काय आहे त्यात? बघितलंस? हुंगलंस?" बाईंचा हा कायदाच होता. पुसायच्या आधी बघायचं, हुंगायचं आणि मोठ्याने सांगायचं. सांगितल्याशिवाय एक थेंब मोरीत जाता कामा नये. "आधी बोल, मग ओत. एकदा ओतलं की ते कुणालाच कळत नाही, बये." तेव्हापासून बारकीने किती बादल्या बोलून ओतल्या त्याला गणती नाही. हिरवं आहे. पातळ आहे. रक्त आहे, पण जुनं. कधी चुकायची, पुढे पुढे चुकेनाशी झाली.

आतलं करडू मेलं होतं. तिला कळलं. अंधारात जिन्याची शेवटची पायरी पायाला कळते तसं.

आणि तिला हेही कळलं, की हे बोललं तर पुढचं वाक्य "बाईंना बोलवा" हेच. गावात जनावरांच्या बाई एकच. त्या आल्या की दारातच म्हणणार, "अगं, तू इथं कशी? पिंजरे झाले का?"

"काय गं?" आत्याने विचारलं.

"थोडं... थांबूया," बारकी म्हणाली. "अजून वेळ आहे."

"बघा!" घड्याळजी म्हणाला. "घाई नाही, गडबड नाही. बाईसुद्धा असंच म्हणतात."

राणीसाहेबांनी मान वळवून बारकीकडे बघितलं. शेळीचे डोळे आडव्या फटीचे असतात, त्यात आरोप दिसत नाही. तो बारकीने स्वतःच घातला.

*

जेवण चांगलं होतं, हे सगळे म्हणाले. काय होतं ते नंतर कुणालाच आठवेना.

घड्याळजीने खुर्चीवर चढून भिंतीवर घड्याळ लावलं होतं. ते छान टिकटिक करत होतं आणि त्याकडे कुणीही बघत नव्हतं. आजोबांना त्यांची घोडी मिळाली होती. त्यांच्या वडिलांच्या वेळेस एक घोडी अडली, मोठमोठे वैद्य हरले, आणि वडिलांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

"मागच्या वेळी गाणं म्हटलं होतं ना, नाना?" मास्तरने विचारलं.

"आधी गाणं. मग कानात सांगितलं. आणि शिंगरू जे आलं बाहेर ते चारही पायांवर उभं! उभं राहून माझ्या बापाला मान लववली."

"आणि म्हणालं, आभारी आहे."

"म्हणालं नसेल कशावरून? तू होतास तिथं?"

सगळे हसले. हसणं ओसरलं तेव्हा मागून एक आवाज आला, लांब, खरखरीत. आत्याचा घास हातातच राहिला.

"बारके," ती म्हणाली, "अजून थांबायचं?"

"हो," बारकी म्हणाली. "म्हणजे... हो."

ती ताट घेऊन उठली आणि मोरीत गेली. पाठोपाठ तिची आई आली. आई या घरात बाहेरून आलेली, त्यामुळे कमी बोलायची. त्यांच्यात जागाच नसायची. तिने नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही.

"तुझे कपडे कोण धुतं?"

"तू."

"फिनेलचा वास येतो त्यांना. ओल्या झाडूचा. कधी औषधाचा आला नाही, कधी रक्ताचा डाग नाही. कोपरापर्यंत हात घालून कुत्रं शिवणाऱ्या पोरीच्या बाह्या इतक्या कोरड्या कशा राहतात गं?"

बारकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

आईने ताट खळबळलं. मग परत खळबळलं, स्वच्छ झालेलं असून.

"तुझे बाबा इतके खूश होते," ती म्हणाली. "म्हटलं, होईल आपोआप खरं. शिकेल हळूहळू, आणि मग खोटं उरणारच नाही." तिने नळ बंद केला. "माझंही चुकलंच. पण ती शेळी आहे, बाळा. तिला बाबांचं काय घेणं?"

आई बाजूला झाली. दार मोकळं. आईने ढकललं नाही, हे बारकीला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं. ढकललं असतं तर बरं झालं असतं, दोष देता आला असता.

*

ती पंगतीसमोर उभी राहिली. हात ओले, पुसायला काही नाही.

"मला येत नाही," ती म्हणाली. "मी तिथं फक्त पिंजरे धुते. टाके मी घातले नाहीत. कुत्रा नव्हताच. आत करडू मेलंय, बाईंना बोलवा."

आता गंमत बघा, गंमत म्हणावी तर. वाक्यं ती एका दमात बोलली होती. पण ऐकणाऱ्यांचे कान पहिल्याच वाक्यापाशी अडकले, दारात गाडा अडकावा तसे. शेवटचं वाक्य मागे उभंच राहिलं.

"नव्हताच म्हणजे?" घड्याळजी म्हणाला. "अगं, मी त्या... मी सगळ्या पेठेला..."

"न्यायाधीश तुम्ही घातलात, बाबा."

"पण कुत्रा तरी?"

"मांजर होती. मी बाहेर फरशी पुसत होते."

घड्याळजी खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढून त्याची सगळी गिऱ्हाइकं एकेक करून गेली, प्रत्येकाला सांगितलेल्या गोष्टीसकट. आणि मग आठवलं की मघाशी बहिणीने फोन उचलला होता, आणि तो खाली कुणी ठेवायला लावला. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"छान," मास्तर म्हणाला. "म्हणजे इतके महिने थापा. आणि त्यावर कॉलेज! अशा मुलीच्या हातात उद्या जनावरं देणार?"

"काका, ते नंतर बोला. आत करडू मेलंय, वास येतोय."

"आत्ता येतोय वास? मघाशी तर वेळ होता. मघाशी खरं होतं की आता खरं आहे? एकदा ठरव तरी!"

जिची जीभ महिनोन्‌महिने खोटं बोलताना सुरळीत चालली, तिने आता खरं सांगितलं तर ते कुणी का घ्यावं? नाणं खणखणीत होतं, पण ते काढलं होतं खोट्या नाण्यांच्या पिशवीतून.

"पोरीला धारेवर धरू नका," आजोबा म्हणाले. "माझ्या बापाच्या वेळेलाही..."

"नाना!" आत्या ओरडली. ती कधी ओरडायची नाही. मग ती बारकीसमोर आली, अगदी जवळ. "वास कसा आहे?"

"गोड. फुलदाणीतल्या जुन्या पाण्यासारखा. आणि खालचं पाणी काळपट आहे."

आत्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. या घराण्यातला माणूस थाप मारताना कसा दिसतो ते तिला जन्मापासून ठाऊक होतं: डोळे चमकतात, हात हलायला लागतात, आवाज रंगतो. समोरच्या पोरीचे हात खाली लोंबत होते आणि आवाज ओल्या फडक्यासारखा होता.

ती फोनकडे गेली.

*

डॉक्टरीणबाई स्कूटरवर आल्या, पिशवी पायात धरून. बारकीकडे बघून त्या काहीच म्हणाल्या नाहीत. पिंजऱ्यांचंही नाही. तिने मनात इतक्या वेळा ऐकलेलं ते वाक्य शेवटी कुणी उच्चारलंच नाही.

"पाणी," त्या म्हणाल्या. "साबण. आणि हिचं डोकं कुणीतरी धरा. तू धर."

बारकीने धरलं. राणीसाहेबांचा जबडा तिच्या मांडीवर, गरम श्वास मनगटावर. बाईंनी लांब हातमोजा चढवला, त्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि आत हात घातला, डोळे वर छताकडे, जणू हातालाच बघायचं काम लावलंय.

"मान मागं वळलीय," त्या म्हणाल्या. "पाय आलेत, डोकं नाही. म्हणून अडलंय. आणि हे गेलंय. बरेच दिवस झाले असतील."

त्यांनी ते बाहेर काढलं. फार वेळ लागला, आणि त्या सबंध वेळात कुणीही बोललं नाही. या कुटुंबाच्या इतिहासात अशी शांतता पूर्वी नोंदली गेली नसेल. मग बाईंचा हात परत आत गेला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आणखी एक आहे."

दुसरं सरळ आलं, पटकन, जसं काही मघापासून रांगेत उभं होतं. पांढरं. एका कानावर काळा ठिपका. बाईंनी त्याच्या तोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून त्याला उलटं हेलकावलं, पेंढ्याने अंग चोळलं, बरगड्या दाबल्या. परत चोळलं. आत्या बाजूला उकिडवी बसून त्या इवल्या छातीकडे बघत होती. बारकीला वाटलं, हललं. हललं नव्हतं. बाईंचाच हात होता.

शेवटी बाईंनी ते हळूच पेंढ्यावर ठेवलं.

"अंग गरम आहे अजून," आत्या म्हणाली.

"हो."

"मग?"

"हे आत्ताआत्तापर्यंत होतं," बाई म्हणाल्या. "शेळी वाचेल. मी सुई देते. पण हे पहिल्याच्या मागं अडकून राहिलं."

त्या उठल्या आणि बादलीत हात धुवायला लागल्या. बारकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला वास आला होता?"

"हो."

"कधी?"

दारात सगळे होते. बापाचा पुसलेला चष्मा, काकाची एकमेकांत गुंतवलेली बोटं, आई, आजोबा. बारकीने शेळीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

"जेवायच्या आधी."

"मग?"

"बोलले नाही."

बाई बोटांच्या मधल्या जागा धूत राहिल्या. ओरडल्या नाहीत. त्या कुत्रीच्या बादलीवरून इतक्या खेकसल्या होत्या, आज नाहीत. बारकीला ते ओरडणं हवं होतं.

"मी लावला फोन ठेवायला," घड्याळजी दारातून म्हणाला. मग बहिणीकडे वळून परत म्हणाला. "ताई, मी ठेवायला लावला."

"ठेवला मी," आत्या म्हणाली. "हात माझा होता, भाऊ. तू जरा शेळीच्या पोटातून बाजूला हो, उजेड येऊ दे."

वर्षांपूर्वीचं ते वाक्य इतक्या साध्या सुरात परत आलं, की घड्याळजी खरोखरच बाजूला झाला.

पिशवी बंद करता करता बाई म्हणाल्या, "कॉलेजवाले मला विचारतील. मी सांगेन ते खरं सांगेन. काम स्वच्छ आहे, नाक चांगलं आहे."

"आणि हे?" मास्तरने विचारलं. पण आवाजात शिकवणं उरलं नव्हतं.

"हे तिने सांगावं." बाईंनी पिशवी उचलली. "उद्या ये. पिंजरे आपोआप धुतले जात नाहीत."

*

संध्याकाळपर्यंत राणीसाहेब उठून बसल्या. चाऱ्याला तोंड लावलं नाही, पण पाणी प्यायल्या. मग त्यांनी पेंढा हुंगला, सगळा, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि बारीक आवाजात एकदा हाक मारली. आत्याने तोंड फिरवलं.

बारकी गोठा धुवायला लागली होती.

"राहू दे गं," आत्या म्हणाली.

"नको. करते."

"मी रागावले नाही, असं म्हणणार नाही मी."

"नका म्हणू."

आत्याने कोपऱ्यातला दुसरा झाडू उचलला आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली.

तेवढ्यात फाटकापाशी आवाज आले. स्कूटर बघून शेजारपाजारची चारदोन माणसं जमली होती, आणि माणसं जमली की आजोबांना आवरणं म्हणजे उतारावरच्या चाकाला आवरणं. ते काठीवर रेलून रंगात आले होते. डोळे चमकत होते, मोकळा हात हवेत.

"...अहो, हात लावला नाही! नुसती दारात आली नि म्हणाली, आत करडू गेलंय, डॉक्टर बोलवा. वासावरून! डॉक्टरीणबाई तर थक्क झाल्या. म्हणाल्या, असं नाक मी जन्मात बघितलं नाही. रक्तातच आहे आमच्या. माझा बाप घोडीच्या..."

घड्याळजी बाजूला उभा होता. एरवी इथं त्याने दुजोरा दिला असता, एखादा न्यायाधीशही पुरवला असता. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

बारकी भरलेली बादली घेऊन अंगणात आली. काळपट पाणी, पेंढ्याच्या काड्या, साबणाचा फेस. अंगणातली मोरी फाटकाच्या शेजारीच होती. गोष्टीला आता शिंगं फुटत होती, तिने आपल्या डोळ्यांनी बघितली. गप्प राहिलं असतं तर उद्या सकाळपर्यंत तिच्या नाकाची कीर्ती पंचक्रोशीत झाली असती, आणि कॉलेजापर्यंतही पोचली असती.

"आजोबा," ती म्हणाली. "वास आला तेव्हा मी बोलले नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत गप्प बसले, माझं खोटं उघडं पडेल म्हणून. दुसरं करडू तेवढ्यात गेलं. तेही सांगा."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी खाकरलं. आजोबांचा हात हवेतच राहिला. त्यांना राग आला नाही. कसबी माणसाला हातातलं लाकूड अचानक वेगळं लागावं, तसे ते गोंधळले होते.

"अगं, पण..." ते हळू आवाजात म्हणाले, "गोष्टीत ते घालू कुठं?"

"शेवटी घाला," बारकी म्हणाली. "त्याच्यापुढं काही नको."

आजोबांनी हात खाली घेतला.

मग तिने बादली ओतली.